उंची मोडून वेग

पश्चिम रेल्वेच्या मोजणीत वसई रोड चर्चगेटपासून ५२ किलोमीटरवर आहे आणि विरार ६० वर. मधले आठ किलोमीटर काटायला धीमी लोकल नालासोपाऱ्याचा थांबा धरून दहा-बारा मिनिटं घेते. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं लढाऊ जेट तेवढंच अंतर ३२ सेकंदांत संपवतं. या वेगात वैमानिकाने सहा 'जी'चं वळण घेतलं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सहापट भार अंगावर घेतला, तरी त्या वळणाच्या वर्तुळाचा व्यास दोन किलोमीटरांच्या वर जातो. नालासोपारा स्टेशनावर वळायला लागलेलं विमान उलट्या दिशेला तोंड करेपर्यंत साडेतेरा सेकंद गेलेले असतात आणि ते रुळांपासून दोन किलोमीटर बाजूला पोचलेलं असतं.

विमानयुद्धाचे ऑनलाइन खेळ नव्याने खेळणाऱ्याच्या डोक्यात हे आकडे नसतात. विरार पश्चिमेच्या एखाद्या नव्या इमारतीत, घरातले झोपल्यावर, लॅपटॉप उघडून 'वॉर थंडर'मध्ये शिरलेला पोरगा समोर शत्रू दिसला की त्याच्याकडे वळतो. शत्रू वळला की हा आणखी करकचून वळतो. मिनिटभरात दोघांचाही वेग संपतो, आणि वरून आलेला तिसराच कोणीतरी दोघांना आरामात टिपून जातो. मग दोष विमानाला, माऊसला, इंटरनेटला. खरं कारण एवढंच असतं की त्याने आपल्याजवळची सगळी पुंजी वळण्यात घालवली.

हे खेळ काही कालचे नाहीत. केस्माय या अमेरिकी कंपनीचा 'एअर वॉरियर' १९८८ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून, मोडेम लावून खेळला जात होता आणि तासाप्रमाणे पैसे पडत. २००१ मध्ये ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूने 'आयएल-२ श्टुर्मोविक' आणला आणि विमानाची उड्डाणवैशिष्ट्यं किती बारकाईने दाखवता येतात हे लोकांनी पाहिलं. 'वॉर थंडर'ची खुली चाचणी २०१२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. त्यात तीन पायऱ्या आहेत. 'आर्केड'मध्ये गोळी कुठे मारायची याची खूण पडद्यावर दिसते आणि काडतुसं हवेतच भरली जातात. 'रिअलिस्टिक'मध्ये ती खूण जाते, काडतुसांसाठी धावपट्टीवर उतरावं लागतं. 'सिम्युलेटर'मध्ये कॉकपिटच्या काचेतून जेवढं दिसेल तेवढंच तुमचं जग. माझं मत असं की डावपेच शिकायला मधली पायरी सगळ्यात चांगली. आर्केडमध्ये चुकीला मिळणारी शिक्षा इतकी हलकी असते की चूक लक्षातच येत नाही.

पुंजीच्या या हिशोबाला खेळाडू 'एनर्जी' म्हणतात. कबड्डीतली चढाई पाहिली असेल तर तो समजायला वेळ लागत नाही. चढाईला गेलेल्याला गडी बाद करायचा असतो, पण दम तुटण्याआधी मध्यरेषेच्या अलीकडे परतायचंही असतं; किती आत शिरायचं हे छातीत उरलेल्या दमावर ठरतं. विमानाचा दम दोन जागी साठतो, वेगात आणि उंचीत, आणि एकातून दुसरा काढता येतो. ताशी ४०० किलोमीटरने चाललेल्या विमानाने नाक खाली घालून १,००० मीटर उंची मोडली, तर हवेचा अवरोध आणि इंजिनाचा जोर एकमेकांना फिटले असं धरून, कागदावर त्याचा वेग सुमारे ६४० होतो. तोच वेग घेऊन नाक वर केलं की मोडलेली उंची बरीचशी परत मिळते. वळणात गेलेला दम मात्र परत मिळत नाही. तो हवेला दिलेला असतो. इंजिन तो हळूहळू भरून काढतं, आणि लढाईत 'हळूहळू'ला जागा नसते.

वळण इतकं महाग का पडतं? चार जीचं वळण घेताना पंखांना विमानाच्या चौपट वजन पेलावं लागतं. त्यासाठी ते हवेला जास्त तिरके भिडतात आणि अवरोध वाढतो. शिवाय पंखांवरची पकड सुटण्याचा, म्हणजे स्टॉलचा, वेगही वाढतो: चार जीला तो बरोबर दुप्पट होतो. सरळ उडताना ताशी १५० ला स्टॉल होणारं विमान चार जीच्या वळणात ३०० लाच कोसळायला लागतं. नवखा खेळाडू स्टिक पोटाशी ओढून धरतो, विमान थरथरतं, एक पंख खाली पडतो. त्याला वाटतं खेळात बिघाड आहे.

आता एक लढत वसईच्या नकाशावर मांडून बघू. खेळात हा नकाशा नाही, पण जमीन ओळखीची असली की अंतरं डोळ्यांपुढे येतात. सकाळची वेळ. तुम्ही अमेरिकी पी-४७ थंडरबोल्टमध्ये, विरारच्या जीवदानी डोंगरावर, ३,००० मीटर उंचीला. पंखांत आठ मशीनगन, वजन सहा टनांच्या वर. शत्रू जपानी झीरोमध्ये, अर्नाळ्याच्या किल्ल्यावर, २,००० मीटरला. त्याचं विमान अडीच टनांच्या आसपास, हलकं आणि भलतंच चपळ. सूर्य तुंगारेश्वरच्या बाजूला, तुमच्या पाठीशी. त्याने मान वर केली तरी त्याला तुमच्याऐवजी लख्ख उजेड दिसेल.

तुम्ही सूर मारता. खाली येईतो वेग ताशी ६०० च्या वर गेलेला असतो. झीरोला तुम्ही दिसलात तर तो आडवं, करकचून वळण घेईल. ताशी ३०० आणि तीन जी धरले तर त्याचं वर्तुळ ५०० मीटर व्यासाचं. त्याच्यामागे लागण्यासाठी तुम्ही वेग ५०० पर्यंत उतरवून चार जीने वळलात तरी तुमचं वर्तुळ एक किलोमीटरचं. एक फेरी पुरी करायला त्याला १९ सेकंद, तुम्हाला २३. पहिल्या फेरीत फरक चारच सेकंदांचा. पण तो तुमच्या वर्तुळाच्या आत आहे, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत तुमचं जड विमान निम्मा दम हरवून बसलेलं असेल. म्हणून वळायचं नाही. तो नेमाच्या बाहेर गेला, जाऊ द्या. त्याच्या शेजारून सरळ निघून जा, नाक वर करा, पुन्हा २,८०० मीटर गाठा आणि मगच मागे वळा. तो तुमच्यामागे चढायला बघेल, पण वळणात त्याचाही वेग गेलेला आहे. तो वर येता येता लटकला की दुसरा सूर. खेळाडू याला 'बूम अँड झूम' म्हणतात. पाहणाऱ्याला भित्रेपणा वाटतो. झीरो चालवणारा तर चॅटमध्ये शिव्याच घालतो.

आता झीरोच्या बाजूनेही बघायला हवं. सूर मारणाऱ्याला लवकर पाहणं हे त्याचं पहिलं काम. दुसरं, वळण योग्य क्षणी घेणं. फार आधी वळलात तर शत्रू नेम दुरुस्त करतो. फार उशिरा वळलात तर गोळ्या पोचलेल्या असतात. गोळी ३०० मीटर जायला तिसरा हिस्सा सेकंद घेते. तेवढ्यात ताशी ३६० ने आडवा जाणारा झीरो जवळपास ३५ मीटर सरकतो, म्हणजे त्याच्या पंखांच्या विस्ताराच्या तिप्पट. नेम विमानावर न धरता विमान जिथे असणार तिथे धरायचा, हे गोळी मारणाऱ्याचं गणित. आणि ते गणित सतत बिघडवत राहणं हे जीव वाचवणाऱ्याचं. तेवढ्यासाठी अगदी शेवटच्या क्षणी वळणाची पातळी बदलली, थोडं खाली किंवा वर, तरी पुरतं.

झीरोची कमजोरी अमेरिकनांना कळली ती एका चिखलामुळे. ४ जून १९४२ रोजी अलास्काच्या डच हार्बरवरच्या हल्ल्यानंतर तादायोशी कोगा या वैमानिकाने बिघडलेलं झीरो अकुतान बेटावर उतरवायचा प्रयत्न केला. खालची हिरवळ दलदल निघाली, विमान उलटलं, कोगा जागीच गेला. विमान मात्र जवळपास धड राहिलं. अमेरिकनांनी ते उचलून नेलं, दुरुस्त केलं आणि सप्टेंबरात सॅन डिएगोला उडवून पाहिलं. दोन गोष्टी हाती लागल्या. वेग वाढला की झीरोचे एलेरॉन, म्हणजे पंख डावे-उजवे कलवणारे पडदे, दगडासारखे जड होतात. आणि नाक एकदम खाली ढकललं तर कार्ब्युरेटरमुळे इंजिन क्षणभर बंद पडतं. झीरो मागे लागला तर एकदम सूर मारा आणि वेगात असताना कलंडा, हा सल्ला या चाचणीतून आला. आज खेळात झीरो घेतलेल्या पोराला ताशी ५०० च्या वर आपलं विमान हलत नाही असं जाणवतं, तेव्हा तो तोच अनुभव घेत असतो.

दम थोडा कमी-जास्त असताना, म्हणजे दोन जवळपास सारखी विमानं भिडली असताना, डावपेचांची खरी मजा आहे. तुम्ही शत्रूच्या शेपटीमागे आहात, पण वेग जास्त असल्यामुळे त्याच्या पुढे निघून जाण्याची भीती आहे. अशा वेळी वळण घट्ट करू नका. नाक त्याच्या वळणाच्या वर काढा, वेगाची उंची करा, वरून त्याच्याकडे बघत उलटे व्हा आणि पुन्हा त्याच्यामागे उतरा. हा 'हाय यो-यो'. उलट, तुम्ही मागे पडत असाल आणि नेम पोचत नसेल, तर नाक वळणाच्या आत, खाली घाला, थोडी उंची मोडून वेग घ्या आणि खालून त्याचं वर्तुळ कापा. हा 'लो यो-यो'. दोन्हींत एकच व्यवहार आहे, वेग आणि उंचीची अदलाबदल. फक्त कुठलं नाणं आधी खर्चायचं ते बदलतं.

मागे लागलेल्याला पुढे ढकलायचं असेल तर 'सिझर्स'. दोन्ही विमानं एकमेकांच्या वाटा पुन्हा पुन्हा कापतात आणि जो जास्त हळू पुढे सरकतो तो मागे राहतो, म्हणजे जिंकतो. वेग जाणूनबुजून घालवण्याचा हा डाव, म्हणून त्यात पडायचं तर शेवटापर्यंत. मध्येच सोडून सरळ पळणाऱ्याइतकं सोपं सावज दुसरं नाही. 'स्प्लिट-एस'बद्दल एवढंच: उलटं होऊन खाली अर्धं वर्तुळ घ्यायचं असेल तर खाली तेवढी जागा आहे ना, हे आधी उंचीमापकावर बघा. रोज रात्री कित्येक विमानं गोळी न लागता केवळ या एका हौसेपायी जमिनीत घुसतात.

हे सारं कोणी शोधलं? जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के याने १९१६ मध्ये आपल्या माणसांसाठी काही नियम लिहून काढले. हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, शक्यतो सूर्य पाठीशी ठेवा, हा त्यातला पहिलाच. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला आपल्याच तुकडीतल्या विमानाशी टक्कर होऊन तो मेला. पहिल्या महायुद्धाच्या त्या आकाशात एक मुंबईकरही होता. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकले, वैमानिक झाले आणि सॉपविथ डॉल्फिन उडवत लढले. जून १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये कामी आले. दमाचा हिशोब समीकरणात मांडला तो अमेरिकी हवाई दलाच्या जॉन बॉइड यांनी, गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांच्या मदतीने, १९६० च्या दशकात. इंजिनाचा जोर वजा हवेचा अवरोध, गुणिले वेग, भागिले वजन: विमान त्या क्षणी दम कमावतंय की गमावतंय हे या एका राशीवरून समजतं. खेळातला संगणकही सेकंदाला कित्येकदा जोर आणि अवरोधाचा असाच हिशोब करत असतो.

बॉइड यांचं गणित महाराष्ट्रात तयार झालेल्या एका विमानाला फार चपखल लागतं. नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ ची बांधणी झाली. त्रिकोणी पंखांचं हे विमान पहिल्या दोन-तीन सेकंदांत जोरात वळतं आणि मग वेग असा सांडतं की वळून वळून लढणं अवघडच होऊन बसतं. एक झडप, मग सरळ निघून जाणं, हाच त्याचा स्वभाव. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला भारतीय हवाई दलाने ते निवृत्त केलं. 'डीसीएस' या सिम्युलेटरमध्ये मात्र मिग-२१ बिस अजून उडतं, एकेका खटक्यासकट.

खऱ्या लढतीत हिशोब कसा चालतो हे पाहायला १९६५ च्या भारत-पाक युद्धातला सप्टेंबर घ्यावा. ६ तारखेच्या संध्याकाळी पंजाबमधल्या हलवारा तळावर पाकिस्तानची तीन सेबर जेट विमानं आली. वर गस्तीला भारताची चार हंटर जेट होती. त्यांतलं एक फ्लाइंग ऑफिसर पिंगळे यांचं, दुसरं फ्लाइंग ऑफिसर आदी गांधी यांचं. सेबर कमी वेगात जास्त घट्ट वळतं. हंटरकडे इंजिनाचा जोर मोठा आणि ३० मिलिमीटरच्या चार तोफा. सेबरांचे नेते रफिकी यांनी पिंगळ्यांना पाडलं आणि नेमक्या त्या वेळी त्यांच्या बंदुका अडकल्या. त्यांनी पुढची जागा सोबत्याला दिली आणि स्वतः त्याची पाठ राखायला राहिले. गांधींचं विमानही पडलं. पण तोवर राठोर आणि नेब ही दुसरी जोडी सेबरांच्या मागे येऊन बसली होती. त्यांनी दोन सेबर पाडली, त्यांत रफिकीही गेले. पिंगळे आणि गांधी हवाईछत्रीने उतरून वाचले.

दहा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, पिंगळे पुन्हा हंटरमध्ये होते. सोबतीला फ्लाइंग ऑफिसर बन्शा, समोर दोन सेबर. बन्शा त्या लढतीत मारले गेले. पिंगळ्यांनी एक सेबर पाडलं. त्याचा वैमानिक उडी मारून वाचला आणि पकडला गेला. पिंगळ्यांना वीरचक्र मिळालं. 'वॉर थंडर'मध्ये हंटर आणि सेबर दोन्ही आहेत, त्यामुळे दोन मित्र ही लढत हवी तितक्यांदा खेळू शकतात. दहा दिवसांपूर्वी खाली पडून पुन्हा तेच विमान घेऊन वर जाताना माणसाला काय वाटत असेल, ते पडद्यावर उतरवण्याची सोय नाही.

हलवाऱ्याची गोष्ट एकट्यादुकट्याची नव्हती, जोड्यांची होती. खेळातही हा भाग सर्वांत कमी शिकला जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त फळ देतो. अमेरिकी नौदलाचे जॉन थॅच यांना झीरोच्या चपळाईच्या बातम्या लागल्या तेव्हा त्यांनी १९४१ मध्ये घरातल्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून उपाय शोधला. दोन विमानं शेजारी-शेजारी, मध्ये साधारण एका वळणाइतकं अंतर. शत्रू एकाच्या मागे लागला की दोघं एकमेकांकडे वळतात. शत्रू सावजाचा पाठलाग सोडत नसेल तर तो थेट दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. सोडत असेल तर सावज सुटतं. ४ जून १९४२ रोजी, कोगाचं झीरो चिखलात उलटलं त्याच तारखेला, मिडवेच्या लढाईत थॅच यांनी हा डाव प्रत्यक्ष वापरला. आज वसईचा एक आणि नालासोपाऱ्याचा एक असे दोन मित्र डिस्कॉर्डवर बोलत तेच करू शकतात. "तुझ्या सिक्सला आहे, डावीकडे घे, माझ्याकडे ये," एवढं वेळेवर सांगितलं तरी पुरे. सिक्स म्हणजे घड्याळातले सहा, अर्थात थेट पाठीमागे.

राहिला इंटरनेटचा दोष. तो थोडासा खरा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून जर्मनीतल्या सर्व्हरपर्यंत सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरले तरी जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या तारा वळसे घेऊन जातात, म्हणून प्रत्यक्षात जास्त. पिंग १०० असेल आणि शत्रू ताशी ५४० ने चालला असेल, तर तेवढ्यात तो १५ मीटर पुढे गेलेला असतो. सर्व्हर अंदाज बांधून ही फट बुजवतो, पण शत्रू सतत दिशा बदलत असेल तर अंदाज चुकतो. सूर मारून सरळ निघून जाणाऱ्याला याचा त्रास कमी होतो. जवळच्या सर्व्हरचा पर्याय असेल तर तो निवडावा. वायफायपेक्षा तार बरी.

मान वळवण्याचं काय, हा प्रश्न उरतो. खऱ्या वैमानिकाच्या डोक्याचं आणि शिरस्त्राणाचं वजन सहा किलो धरलं तर सहा जीला ते ३६ किलो होतं, आणि तशा मानेने तो मागे बघतो. खेळाडूला एक कळ दाबून मागे बघता येतं आणि तरीही तो बघत नाही. वेबकॅमने डोक्याची हालचाल टिपणारं 'ओपनट्रॅक' फुकट मिळतं. सिम्युलेटर पायरीवर जायचं असेल तर महागड्या जॉयस्टिकच्या आधी ते बसवा.

तुम्ही आजच सुरुवात करणार असाल तर पहिले काही दिवस गोळी झाडूच नका. उड्डाण करा, शत्रूपासून लांब तोंड करून चढा, दर पाच-सहा सेकंदांनी मागे बघा. मग चाचणी-उड्डाणात जाऊन एकच विमान घ्या आणि हजार मीटर सूर मारून पुन्हा वर चढून पाहा: किती उंची परत मिळाली, ती वहीत लिहा. तेच मध्ये एक घट्ट वळण घेऊन करा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. 'वॉर थंडर'मध्ये चाचणी-उड्डाणाला पैसे पडत नाहीत, आणि तिथे मोडलेल्या विमानाच्या दुरुस्तीचा खर्चही लागत नाही.